भलरी आणि इर्जिक : शिरूर-दौंड परिसरातील श्रमप्रयोग आणि सहभागाचा प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

मराठी लोकसाहित्याच्या पाठ्यक्रमात श्रमगीतांचा विचार करताना जात्यावरील ओवी, मोटेवरील गाणे आणि भलरी यांचा एकत्र उल्लेख करण्याची प्रथा आहे. या तिन्ही प्रकारांचे प्रयोजन 'श्रमपरिहार' या एकाच शब्दात सांगितले जाते, आणि उदाहरणादाखल काही रचना उद्धृत केल्या की विवेचन पूर्ण झाले असे मानले जाते. हे स्पष्टीकरण चुकीचे नाही. मात्र ते अपुरे आहे. श्रमपरिहार हे गाण्याचे गाणाऱ्यावर घडणारे फळ होय. गाणे कोणत्या श्रमसंबंधातून उभे राहते, त्यात कोणी सामील व्हावयाचे, सामील होण्यास नकार देता येतो किंवा नाही, आणि गाण्याची लय ठरविण्याचा अधिकार कोणाकडे असतो, हे सारे प्रश्न या एका शब्दाखाली झाकले जातात.

दुसरीकडे, गेल्या काही दशकांत कलाविचारात 'सहभागी कला' ही संकल्पना रूढ झाली आहे. प्रेक्षकाला केवळ पाहणारा न ठेवता कलाकृतीच्या घडणीत सामील करून घेणे, हा तिचा गाभा आहे. काही कलावंतांनी त्यासाठी रंगमंच व कलादालन सोडून प्रत्यक्ष पिकते शेत हेच आपले कलास्थळ मानले. या कलेला नवी मानणाऱ्या अभ्यासकाने भलरीकडे पाहिले तर त्याला आपल्या परंपरेत हे सारे आधीपासूनच होते असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हे साम्य कितपत खरे आहे, हे तपासल्याशिवाय तसे विधान करणे धोक्याचे ठरेल.

प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या तालुक्यांचा परिसर समोर ठेवून इर्जिक, सावड आणि भलरी यांचा विचार 'श्रमप्रयोग' म्हणून करावयाचा आहे. ज्या सामूहिक कामात काम आणि सादरीकरण ही एकच कृती असते, जिला वेगळा प्रेक्षक नसतो आणि जिच्यातील सहभाग हा देण्याघेण्याच्या व्यवहाराने बांधलेला असतो, अशा कृतीस येथे श्रमप्रयोग म्हटले आहे.

२. परिसर आणि श्रमाची निकड

भीमा, घोड आणि मुळा-मुठा या नद्यांनी या परिसराची आखणी केली आहे. घोडेच्या काठचे शिरूर लोकांच्या तोंडी आजही 'घोडनदी' आहे. दौंड तालुक्याचा बराच भाग पूर्वी भीमथडी या तालुक्यात मोडत असे. दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. त्यामुळे कालव्याचे पाणी येण्यापूर्वी, आणि जेथे ते पोहोचले नाही तेथे त्यानंतरही, येथील शेती प्रामुख्याने जिरायत राहिली. खरिपात बाजरी आणि रब्बीत शाळू ज्वारी ही तिची मुख्य पिके.

या परिसरातील शेतीचा शास्त्रीय अभ्यास फार लवकर झाला, ही गोष्ट अभ्यासकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाशी संबंधित असलेले डॉ. हॅरल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. त्यानंतर एन. व्ही. कानिटकर यांच्यासह त्यांनी केलेली दुसरी पाहणी १९२१ मध्ये प्रसिद्ध झाली. ती शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या जिरायत गावाची होती. जमिनीचे तुकडे आणि शेतकऱ्यावरील कर्ज हे या पाहण्यांतील मध्यवर्ती विषय होत. लोकसाहित्याच्या अभ्यासकाला हे ग्रंथ आपल्या विषयाबाहेरचे वाटतात. वस्तुतः भलरी कोणत्या जमिनीवर उभी होती, हे समजण्यासाठी त्यांच्याइतके उपयुक्त साधन दुसरे क्वचितच सापडेल.

तुकड्यांची जमीन आणि अपुरी बैलजोडी या दोन गोष्टींतून सामूहिक श्रमाची निकड निर्माण होते. भारी काळ्या जमिनीची खोल नांगरट करावयाची तर जुन्या लाकडी नांगरास तीन-चार बैलजोड्या जुंपाव्या लागत. सामान्य कुणब्याच्या दावणीला एकच जोडी, आणि कित्येकदा एकच बैल असे. म्हणजे नांगरटीसारखे मूलभूत काम एकट्या घराच्या आवाक्यात नव्हते. काढणीची स्थितीही फारशी वेगळी नव्हती. माघ-फाल्गुनात शाळू वाळून उभा राहिला की पाखरांचा, चोरांचा आणि अवकाळी पावसाचा धोका असतो. थोड्या दिवसांत पुष्कळ हात लागतात, आणि ते नेमके त्याच दिवसांत प्रत्येकाला लागतात. गाव एकत्र येत होते ते या अडचणीपोटी. एकोप्याची भावना त्यातून निर्माण होत असेल. परंतु तिला मूळ कारण मानणे म्हणजे कार्याला कारण समजणे होय.

३. सावड, इर्जिक आणि वेठ

या अडचणीवर ग्रामीण समाजाने ज्या तोडी काढल्या, त्यांच्यातील भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. कारण सर्वसाधारण लेखनात त्यांना 'सहकार' या एका नावाखाली आणले जाते.

सावड ही बरोबरीच्या घरांतील देवाणघेवाण आहे. एका घराने दुसऱ्याच्या शेतात जितके दिवस राबावे, तितके दिवस दुसऱ्याने पहिल्याच्या शेतात राबून सावड फेडावी. येथे पैसा नसतो, पण हिशेब असतो. माणसाच्या दिवसाबद्दल माणसाचा दिवस आणि बैलाच्या दिवसाबद्दल बैलाचा दिवस असा हा हिशेब कागदावर न लिहिता स्मरणात ठेवला जातो.

इर्जिकीचे स्वरूप याहून निराळे. ज्याचे काम मागे पडले आहे, ज्याचा बैल ऐन हंगामात मेला आहे, किंवा ज्या घरात कर्ता पुरुष उरलेला नाही, त्याच्या शेतात गावातील शेतकरी आपापली औते घेऊन एका दिवसात काम उरकून देतात. यजमानाने सर्वांना जेवण घालावयाचे, एवढाच मोबदला. येथे दिवसास दिवस असा हिशेब नसतो. मात्र आज ज्याच्याकडे इर्जिक झाली, त्याने उद्या दुसऱ्याच्या इर्जिकीस जाणे टाळले तर गाव ते विसरत नाही. सावडीत ऋण दोन घरांमध्ये असते, इर्जिकीत ते एक घर आणि गाव यांच्यामध्ये असते.

याच पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेस, जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यात, डोंगरउतारावर बांध घालून खाचरे तयार करण्यासाठी 'पडकई' नावाची परस्परसाहाय्याची पद्धत आहे. पिके आणि समाज वेगळे असले तरी परस्परऋणाचे तत्त्व तेच आढळते. त्यावरून ही पद्धत एखाद्या जातीची वा पिकाची खासियत नसून, अपुऱ्या साधनांच्या शेतीची गरज होती, असे म्हणता येते.

तिसरा प्रकार वेठीचा. यात श्रम घेतले जातात, परत मात्र केले जात नाहीत. बाहेरून पाहणाऱ्यास सावड, इर्जिक आणि वेठ या तिन्हींचे दृश्य एकच दिसेल. तीस-चाळीस माणसे एका रांगेत वाकलेली आहेत, आणि कदाचित ती गातही आहेत. परंतु या तीन दृश्यांचे अर्थ परस्परांहून अगदी भिन्न आहेत. गावातील बड्या जमीनदाराने 'इर्जिक' म्हणून बोलावणे पाठवावे आणि लहान शेतकऱ्यास नकार देण्याची सोय नसावी, असे जेथे घडते, तेथे नाव इर्जिकीचे असले तरी व्यवहार वेठीकडे झुकलेला असतो. केवळ गीताची संहिता हाती असलेल्या अभ्यासकाला हा फरक ओळखता येत नाही.

४. भलरीचा प्रयोग

भलरी प्रामुख्याने काढणीशी निगडित आहे. या पट्ट्यात शाळू मुळासकट उपटण्याची रीत आहे. ताटाच्या बुडाशी दोन्ही हातांची पकड घ्यावयाची, कमरेतून हिसका द्यावयाचा, मुळांची माती झटकावयाची आणि ताट बाजूस टाकावयाचे, अशी ही क्रिया. प्रत्येकाच्या वाट्याला सऱ्यांचा एक पट्टा येतो, त्यास 'पात' म्हणतात. सर्वांनी एका टोकास पात धरावयाची आणि दुसऱ्या टोकास ती एकत्र सोडावयाची, असा संकेत असतो. एकाची पात मागे राहिली की रांग वाकडी होते, आणि ती वाकडी झालेली सगळ्या शिवाराला दिसते.

भलरीची रचना या क्रियेशी जुळलेली आहे. एक म्होरक्या चरण उचलतो व बाकीचे त्याची पुनरावृत्ती करतात, किंवा 'भलरी' या शब्दाने युक्त असे पालुपद झेलतात. चरण आखूड असतो, कारण वाकलेल्या माणसाचा श्वास आखूड असतो. म्होरक्या गात असताना समूह हिसका देतो, समूह गात असताना म्होरक्याला श्वास मिळतो. हुंकार, आरोळी आणि अर्थरहित अक्षरे यांचे प्रमाण या गीतांत मोठे आहे. मुद्रित संहितेत ही अक्षरे निरर्थक भरताड वाटतात आणि काही संपादनांतून ती गाळलीही जातात. प्रत्यक्ष प्रयोगात मात्र बलाघात तेथेच येतो, म्हणजे हात तेथेच ओढतो. शब्दार्थ गाळला तरी भलरी चालू राहील. ही अक्षरे गाळली तर ती थांबेल.

गीताचा मजकूर अनेकदा जागेवरच जुळविला जातो. मागे पडलेल्याची थट्टा, पुढे गेलेल्याची वाहवा, यजमानाच्या भाकरीकालवणावर मारलेला टोमणा, देवादिकांची नावे आणि शिवारातील तात्कालिक घटना यांची त्यात सरमिसळ असते. यजमानाला उद्देशून केलेला टोमणा विशेष लक्षणीय आहे. इतर वेळी जे तोंडावर बोलता येणार नाही, ते भलरीत म्हणता येते; कारण ते कोणा एकाचे बोलणे राहत नाही, सर्वांनी झेललेले पालुपद होते. काही गावांत या कामास डफ वा हलगीची साथ असते. पातीचे टोक जवळ आले की वाद्याची आणि गाण्याची गती चढते आणि टोकाशी आरोळीने प्रयोग संपतो.

या प्रयोगाला प्रेक्षक नाही, हे त्याचे प्रमुख वैशिष्ट्य होय. बांधावर बसून भलरी ऐकणारा मनुष्य एकच असू शकतो. तो म्हणजे जमिनीचा मालक, आणि इर्जिकीत तोही बहुधा वाढपाच्या धावपळीत असतो. रिचर्ड शेकनर यांनी प्रयोगाचा विचार करताना परिणामकारकता आणि रंजन ही दोन टोके कल्पिली आहेत. भलरी परिणामकारकतेच्या टोकाशी उभी आहे, कारण तिचा परिणाम भावनेत न मोजता उपटलेल्या ताटांत मोजता येतो. तथापि रंजनही तिच्यातून वगळलेले नाही. थट्टा रंगली तर रांग सरळ राहते आणि थट्टा फसली तर रांग तुटते, इतके हे दोन घटक परस्परांवर अवलंबून आहेत.

५. जाते, मोट आणि भलरी

श्रमगीतांचे तीन प्रकार एका मथळ्याखाली आणल्याने कोणता भेद नाहीसा होतो, हे येथे पाहता येईल. जात्यावर एक वा दोन स्त्रिया असतात. काम घरातले, वेळ पहाटेची, आणि गाणे बरेचसे स्वतःशी वा सोबतिणीशी केलेला संवाद असतो. म्हणूनच ओवीत आत्मनिवेदनाला एवढा अवकाश मिळतो. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याच्या सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस या संस्थेमार्फत हजारांहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्यांचे संकलन केले. शिरूर तालुक्यातील सविंदणे हे गावही त्यात आहे. २०१७ पासून 'परी' या ग्रामीण पत्रकारितेच्या उपक्रमाने हे भांडार क्रमाक्रमाने सर्वांसाठी खुले केले. या संकलनाचे मोल असे की त्यात ओवीबरोबर गाणारीचे नाव, गाव आणि जात यांची नोंद ठेवण्याचा आग्रह धरला गेला, आणि शक्य तेथे आवाजही मुद्रित केला गेला.

मोटेवरील गाणे एकट्या पुरुषाचे असते. त्याचा सोबती बैल असतो. बैल धावेवरून उतरताना सूर लांबतो, मोट थारोळ्यात रिती झाली की तो तुटतो, आणि बैल मागे सरताना पुन्हा धरला जातो. येथे गाण्याची लय माणसाच्या इच्छेने ठरत नाही. बैलाची चाल आणि विहिरीची खोली ती ठरवितात.

भलरीत लय ठरविणारा माणूस असतो, आणि ती इतर माणसांना पाळावी लागते. श्रमगीतांच्या तीन प्रकारांपैकी सत्तेचा प्रश्न उघडपणे उपस्थित होतो तो याच प्रकारात. दुर्दैवाने संकलनाच्या बाबतीत भलरी ओवीइतकी भाग्यवान ठरली नाही. दुर्गा भागवतांच्या 'लोकसाहित्याची रूपरेखा' (१९५६) या ग्रंथाने लोकसाहित्याच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया घातला, आणि डॉ. सरोजिनी बाबर यांच्या संपादनाखाली लोकसाहित्य समितीने विपुल सामग्री प्रसिद्ध केली. परंतु भलरीचा प्रयोग कामापासून अलग करता येत नसल्यामुळे संकलकासमोर बसून ती 'सांगणे' कठीण असते. जे सांगितले जाते, ती तिची आठवण असते.

६. लयीचा सिद्धान्त आणि त्याची मर्यादा

श्रम आणि लय यांच्या संबंधाविषयीचा सर्वांत प्रसिद्ध सिद्धान्त जर्मन अर्थशास्त्रज्ञ कार्ल ब्यूखर यांनी १८९६ मध्ये मांडला. सामूहिक श्रमातील शारीरिक लयीतून गीत व संगीत यांचा उगम झाला, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे ख्रिस्तोफर कॉडवेल यांनी १९३७ मध्ये आणि जॉर्ज थॉमसन यांनी १९४५ मध्ये मार्क्सवादी दृष्टीने काव्याच्या उगमाचा विचार करताना सामूहिक श्रम, विधी आणि गीत यांचे नाते अधिक विस्ताराने उलगडले. भलरीच्या चरणरचनेचे स्पष्टीकरण देण्यास हा सिद्धान्त उपयोगी पडतो, हे वर आलेच आहे.

मात्र त्याची एक मर्यादा आहे. लय समूहाला एकत्र आणते, हे त्यातून कळते. ती लय कोणाच्या हिताची आहे, हे कळत नाही. ज्या गीताने थकवा हलका होतो, त्याच गीताने थकलेल्या माणसाकडून अधिक कामही काढून घेता येते. सावडीत गती वाढली तर सर्वांचाच दिवस वाचतो, कारण उद्याचे शेत आपले असते. मजुरीत दिवसाचा दर ठरलेला असताना गती वाढली तर लाभ मालकाचा होतो. म्हणजे एकच भलरी एका शेतात परस्परसाहाय्याचे साधन असते, तर दुसऱ्या शेतात मुकादमाचे. 'श्रमपरिहार' हा शब्द या दोहोंना सारखाच लागू पडतो, आणि म्हणूनच तो पुरेसा नाही.

७. रांगेतील असमानता आणि नकाराचा अधिकार

भलरीच्या रांगेत सर्व समान असतात, असे एक भावुक चित्र रंगविले जाते. पात समान असते, हे खरे. परंतु रांगेबाहेरची व्यवस्था समान नव्हती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात वर्णिलेली बलुतेदारीची उतरंड शेतातही हजर असे. हलगी वाजविणारा मातंग कलावंत लय देत असे, पण इर्जिकीच्या जेवणात त्याची पंगत वेगळी असे. स्त्रिया खुरपणीस व कणसे मोडण्यास असत. औताच्या इर्जिकीत मात्र त्यांचा सहभाग चुलीपाशी होता, आणि तीस-चाळीस माणसांचा स्वयंपाक हा इर्जिकीच्या हिशेबात श्रम म्हणून धरला जात नसे.

अशा व्यवस्थेत सहभागाइतकेच महत्त्व नकाराला येते. या परिसराच्या इतिहासात त्याचे एक ठळक उदाहरण आहे. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे या गावी काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध हुकूमनामा मिळवून त्यांच्या घरावर टाच आणली. त्यानंतर गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांची जमीन कोणी कसेना, त्यांचे पाणी कोणी भरेना, न्हावी त्यांची हजामत करीना. हे लोण आसपासच्या गावांत पसरले. १२ मे १८७५ रोजी तत्कालीन भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी जमावाने सावकारांची घरे व दुकाने लुटून कर्जरोखे नष्ट केले, आणि दख्खनच्या दंग्यांचा वणवा शिरूर, इंदापूर, पुरंदर या भागांत पसरला. त्याची परिणती १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यात झाली.

लोकसाहित्याच्या दृष्टीने या घटनेचा एक अर्थ लावता येतो. जो समाज एका दिवसात चाळीस औते एका शेतात उभी करू शकतो, तोच समाज एका दिवसात एकही औत उभे राहू देत नाही. इर्जिक आणि बहिष्कार ही एकाच सामर्थ्याची दोन रूपे होत. सहभाग नाकारता येतो म्हणूनच त्याला मोल असते.

हा अधिकार सर्वांना सारखा नव्हता, हेही तितकेच खरे. करड्याच्या कुणब्याला जो नकार देता आला, तो गावकीच्या कामाला बांधलेल्या महाराला सहजासहजी देता येत नव्हता. आंबेडकरी चळवळीने गावकीची हीन मानली गेलेली कामे नाकारण्याचा जो कार्यक्रम दिला आणि पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली, त्यांचा विचार श्रमप्रयोगाच्या इतिहासात झाला पाहिजे. एखाद्या गावात वाद्याची साथ बंद पडली असेल, तर त्याला 'परंपरेचा ऱ्हास' म्हणून मोकळे होता येत नाही. वाजविणाऱ्याने ती विचारपूर्वक सोडली असण्याची शक्यता अभ्यासकाने आधी तपासावयास हवी.

८. कालवा, ऊस आणि श्रमाचे नवे ऋण

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या परिसराची शेती झपाट्याने बदलली. घोड धरण आणि पुढे चासकमान प्रकल्पाने शिरूरच्या काही भागात, तर खडकवासल्याच्या मुठा उजव्या कालव्याने दौंडच्या मोठ्या पट्ट्यात पाणी आणले. लोखंडी नांगर आधीच आला होता. तेलाच्या इंजिनाने आणि मागोमाग विजेच्या पंपाने मोट बंद केली, ट्रॅक्टरने औतांची इर्जिक अनावश्यक केली. पाटस येथील भीमा आणि न्हावरे येथील घोडगंगा हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, केडगाव-यवत पट्ट्यात गुऱ्हाळे वाढली, आणि जेथे शाळूच्या पाती होत्या तेथे उसाच्या सऱ्या आल्या.

उसाच्या तोडणीतही समूह असतो. किंबहुना तो भलरीच्या रांगेहून मोठा असतो. परंतु ही टोळी त्या गावची नसते. ती बीड-नगरकडून स्थलांतर करून आलेली असते आणि मुकादमाकडून घेतलेल्या उचलीने बांधलेली असते. पती-पत्नी मिळून एक 'कोयता' हे तिचे एकक होय आणि मोबदला टनावर ठरतो. सावडीतील ऋण श्रमाचे होते व ते श्रमानेच फिटत असे. उचलीचे ऋण पैशाचे असते आणि श्रमाने ते फिटेलच याची खात्री नसते. ज्याच्या शेतात टोळी राबते तो शेतकरी टोळीच्या शेतात कधीही राबणार नसतो. सामूहिक श्रम येथे शिल्लक आहे, परस्परता मात्र नाहीशी झालेली आहे. कांद्याची लागण उक्ती घेणाऱ्या स्त्रियांच्या टोळ्यांबाबतही थोड्याफार फरकाने हेच म्हणता येईल. या टोळ्यांत गाणे नसते असे नाही. पण ते कोणत्या नात्याने गायिले जाते, हा प्रश्न नव्याने विचारावा लागतो.

९. मंचावरील भलरी आणि शेतातील कला

शेतातून बाहेर पडलेल्या भलरीला मंचावर जागा मिळाली. शाहीर साबळे यांच्या 'महाराष्ट्राची लोकधारा' सारख्या कार्यक्रमांनी लोककलांना शहरी प्रेक्षक मिळवून दिला आणि शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत 'शेतकरी नृत्य' हा हमखास प्रकार झाला. या स्थलांतरात गाण्याची चाल टिकली, पण रांगेची दिशा बदलली. शेतात रांग पिकाकडे तोंड करून असते, मंचावर ती प्रेक्षकाकडे तोंड करते. टोमण्याचा यजमान नाहीसा होतो आणि मागे पडलेला कोणी नसल्याने थट्टेचे कारणही उरत नाही.

सहभागी कलेचा प्रवास याच्या उलट दिशेने झालेला दिसतो. बॉनी शेर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे रस्त्यांच्या उड्डाणपुलांलगतच्या पडीक जागेत 'द फार्म' नावाने ओळखला जाणारा प्रकल्प सुरू केला. भाजीपाला, पाळीव जनावरे, मुलांचे शिक्षण आणि नाट्यप्रयोग यांना तेथे एकाच कलाकृतीचे घटक मानण्यात आले. आपल्याकडे मध्य प्रदेशातील तेव्हाच्या छिंदवाडा जिल्ह्यात (२०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्यात), सौंसरच्या मराठीभाषक पट्ट्यातील पारडसिंगा या गावी शिल्पकार श्वेता भट्टड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 'ग्राम आर्ट प्रोजेक्ट' उभा राहिला. पिकांच्या लागवडीतून शेतजमिनीवर चित्रे साकारणे, बियांच्या राख्या तयार करणे, देशी बियाणे व कापूस यांभोवती गावातील स्त्रियांना रोजगार देणारी कृती उभारणे, असे त्याचे स्वरूप आहे.

या प्रयत्नांतील कलावंत शेतात पाहुणा म्हणून येतो आणि सहभागाचे निमंत्रण देतो. निमंत्रण स्वीकारणे वा नाकारणे हे ऐच्छिक असते. जुन्या गावगाड्यातील जातीची सक्ती येथे नसते, ही मोठी जमेची बाजू आहे. परंतु इर्जिकीतील सहभागामागे जे ऋण होते, आपण गेलो नाही तर उद्या आपले शेत पडीक राहील ही जी जाणीव होती, तीही येथे आपोआप येत नाही. ज्या प्रकल्पात बियाणे, रोजगार, बाजार अशा प्रत्यक्ष गरजांचा धागा असतो, तेथे परस्परतेची शक्यता निर्माण होते. पारडसिंग्याच्या प्रयत्नाचे महत्त्व या दृष्टीने आहे. असा धागा नसेल, तर सहभाग हे एका दिवसाचे निमित्त ठरते आणि त्याचे छायाचित्र तेवढे मागे उरते.

१०. समारोप

वरील विवेचनावरून भलरी ही सहभागी कलेची पूर्वज होती, असा सरळ निष्कर्ष काढता येत नाही. दोहोंत प्रेक्षकाचा लोप हे साम्य आहे. सहभागाच्या बंधनाचे स्वरूप मात्र भिन्न आहे. भलरीतील सहभाग परस्परऋणाने बांधलेला होता. त्या बंधनात आधार होता आणि जाचही होता. आधाराचे गुणगान करून जाच विसरणे, किंवा जाच दाखवून आधार नाकारणे, या दोन्ही गोष्टी अभ्यासाला एकांगी करतात.

लोकसाहित्याच्या क्षेत्रीय कार्यास जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने यातून काही व्यावहारिक सूचना निघतात. भलरीची संहिता मिळाली तर ती कोणाच्या शेतात, कोणत्या पिकाच्या कोणत्या कामास गायिली जात होती, हे विचारावे. ते काम सावडीचे होते, इर्जिकीचे होते, मजुरीचे होते की वेठीचे, याची नोंद घ्यावी. म्होरक्या कोण, वाद्य कोणाचे, जेवण कोणी रांधले व पंगती कशा बसल्या, हेही विचारावे. अर्थरहित अक्षरे गाळू नयेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोण येत नसे आणि का येत नसे, हा प्रश्न विसरू नये. शिरूर-दौंडच्या गावांत औतांची इर्जिक आणि शाळूच्या पाती स्वतः अनुभवलेली पिढी आता उतारवयात आहे. तिच्याकडून केवळ गाणी उतरवून घेतली तर संग्रहात भर पडेल; त्यांच्यासोबत देण्याघेण्याचा हिशेबही उतरवून घेतला, तरच त्या गाण्यांचा अर्थ हाती येईल.